जर्मन झुरळ

जर्मन झुरळ (शास्त्रीय नाव: ब्लाटेला जर्मानिका) हा मानवी वस्तीत, विशेषतः स्वयंपाकघरात आढळणारा उपद्रवी कीटक आहे. कार्ल लिनेयस यांनी १७६७ मध्ये त्याचे नामकरण केले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनानुसार मात्र ही जाती सुमारे २,१०० वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या परिसरात आशियाई झुरळापासून उत्पन्न झाली.

वर्णन

लांबी सुमारे १.१ ते १.६ सेंमी असते. रंग फिकट तपकिरी असून डोक्यामागील ढालीवर दोन गडद समांतर पट्टे असतात. मादी साधारणतः ३० ते ४० अंड्यांची पेटी पिल्ले बाहेर पडण्याच्या सुमारापर्यंत अंगाशी बाळगते.

चिवटपणा

पाणी मिळाल्यास हे झुरळ अन्नाविना महिनाभर तग धरू शकते; पाण्याविना मात्र साधारण दोन आठवड्यांत मरते. अनेक कीटकनाशकांना ते दाद देत नाही. काही झुरळांना ग्लुकोज कडू लागते, त्यामुळे ती गोड विषारी आमिष टाळतात. हा गुण आनुवंशिक आहे.

आरोग्यावरील परिणाम

झुरळांची विष्ठा व कात यांमुळे अ‍ॅलर्जी होऊ शकते व दमा बळावतो. त्यांच्या पायांवाटे रोगजंतू अन्नात मिसळू शकतात.

नियंत्रण

पाणी तोडणे हा नियंत्रणाचा पाया होय. गळके नळ दुरुस्त करावेत, रात्री ओटा व मोरी कोरडी करावी, खरकटे ठेवू नये आणि फटी बुजवाव्यात. फवाऱ्यापेक्षा जेलस्वरूपातील आमिष अधिक परिणामकारक ठरते. ते खाल्लेल्या झुरळाची विष्ठा किंवा मृत शरीर खाऊन इतर झुरळेही मरतात. आमिषाजवळ फवारणी केल्यास झुरळे तिकडे फिरकत नाहीत. आमिष व बोरिक पावडर मुलांच्या हाती लागू देऊ नये.