फोटोशॉप, इमेजजे आणि १९८७ साल

प्रयोगाचा फोटो "थोडासा ठीक" केला तर चालतं का? एमएस्सीचं प्रोजेक्ट करताना हा प्रश्न बहुतेकांना पडतो. जेलचा फोटो अंधुक आलेला असतो, मायक्रोस्कोपच्या फोटोत कोपऱ्यात धूळ दिसत असते, आणि सबमिशन परवावर आलेलं असतं. जर्नलच्या सूचनांमध्ये याचं उत्तर मिळतं, पण तो नियम असाच का, हे तिथे लिहिलेलं नसतं. त्यासाठी थोडा इतिहास बघावा लागतो, आणि तो सुरू होतो पीएचडी करणाऱ्या एका विद्यार्थ्यापासून.

त्याचं नाव थॉमस नॉल. फिजिक्सवाल्यांनी हे आडनाव ऐकलं असेल. रेडिएशन डिटेक्शनवरचं ते प्रसिद्ध जाडजूड पुस्तक लिहिणारे ग्लेन नॉल हे थॉमसचे वडील. ते मिशिगन विद्यापीठात न्यूक्लिअर इंजिनिअरिंगचे प्राध्यापक होते आणि फोटोग्राफीचे हौशी. घराच्या तळघरात त्यांची डार्करूम होती, आणि थॉमस आणि त्याचा भाऊ जॉन तिथेच फोटो धुवायला शिकले.

डार्करूममध्ये नेमकं काय चालायचं ते आधी बघू, कारण आज अनेकांचा समज असतो की जुना फोटो म्हणजे शंभर टक्के खरा आणि एडिटिंग कॉम्प्युटरने आणलं. तसं नाही. निगेटिव्हमधून कागदावर प्रकाश पाडताना एखाद्या भागावर काडीला लावलेली चकती धरली, की तिथे प्रकाश कमी पोचतो आणि प्रिंटमध्ये तो भाग उजळ राहतो. याला म्हणतात डॉज. उलट, हाताच्या पोकळीतून एकाच जागी जास्त वेळ प्रकाश दिला की तो भाग गडद होतो. तो बर्न. फोटोशॉपमध्ये या दोन टूल्सची चित्रं बघा. एक काडीवरची चकती आहे, दुसरं वळवलेला हात. 'अनशार्प मास्क' हे विचित्र नावही तिथूनच आलंय. निगेटिव्हची मुद्दाम अंधुक केलेली प्रत मूळ निगेटिव्हला जोडून छापली की कडा जास्त ठसठशीत दिसायच्या.

आता १९८७. थॉमस मिशिगनमध्येच कॉम्प्युटर व्हिजनवर पीएचडी करत होता. म्हणजे काय, तर कॉम्प्युटरला चित्रातलं काय काय ओळखता येईल, यावर काम. त्याच्याकडे मॅकिंटॉश प्लस होता. त्याचा पडदा ५१२ बाय ३४२ पिक्सेलचा, आणि प्रत्येक पिक्सेल एकतर काळा नाहीतर पांढरा. मधलं काहीच नाही. थीसिससाठी लागणाऱ्या चित्रांमध्ये तर राखाडी छटा होत्या. त्या या पडद्यावर दाखवायच्या कशा?

मूळ युक्ती छापखान्यांना कधीपासून माहीत होती. जुन्या वर्तमानपत्रातला फोटो भिंगातून बघा, नुसते काळे ठिपके दिसतील. कॉम्प्युटरसाठी रॉबर्ट फ्लॉइड आणि लुईस स्टाइनबर्ग यांनी १९७६ मध्ये एक पद्धत मांडली होती. समजा एक पिक्सेल चाळीस टक्के उजळ आहे. पडद्यावर तो काळाच दाखवावा लागणार. मग जी चाळीस टक्क्यांची चूक राहिली ती फेकून न देता शेजारच्या पिक्सेलांना वाटून द्यायची. दुरून बघितलं की डोळ्याला सरासरी दिसते, म्हणजे राखाडी. थॉमसने राखाडी छटांचा असा आभास तयार करणारा प्रोग्रॅम लिहिला आणि त्याला नाव दिलं 'डिस्प्ले'.

हे नाव लक्षात ठेवा. प्रोग्रॅम फक्त दाखवण्याचं काम करत होता. फाइलमधले आकडे जसेच्या तसे राहत होते, पडद्यावरचं रूप वेगळं होतं. माझ्या मते फोटोच्या प्रामाणिकपणाबद्दल जे काही म्हणायचंय त्याचा अर्धा भाग इथेच आहे.

जॉन तेव्हा इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकमध्ये, म्हणजे सिनेमांसाठी स्पेशल इफेक्ट्स करणाऱ्या कंपनीत होता. त्याने हा प्रोग्रॅम बघितला आणि भावाकडे मागण्या सुरू केल्या: रंग हवा, निवडलेला भाग बदलता यायला हवा, फाइल वेगळ्या फॉरमॅटमध्ये सेव्ह व्हायला हवी. थॉमसने १९८८ मध्ये अभ्यासातून सहा महिन्यांची सुट्टी घेतली. (गाइडला काय सांगितलं असेल, हा विचार माझ्या मनात दरवेळी येतो.) जॉन कंपन्यांना डेमो द्यायला जायचा, तेव्हा बोरा बोरा बेटावर त्याने स्वतः काढलेला एक फोटो वापरायचा आणि त्यातल्या गोष्टींच्या प्रती करून दाखवायचा. सुरुवातीला बार्नीस्कॅन नावाच्या स्कॅनर कंपनीने जवळपास २०० प्रती स्कॅनरबरोबर दिल्या. मग अ‍ॅडोबीशी करार झाला आणि फेब्रुवारी १९९० मध्ये फोटोशॉप १.० बाजारात आलं. दाखवण्यापुरता असलेला प्रोग्रॅम आता बदलणारा झाला होता.

याच १९८७ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये वेन रॅसबंड मॅकिंटॉशसाठीच दुसरा एक प्रोग्रॅम लिहायला लागले होते. त्याचं नाव एनआयएच इमेज. त्याचा हेतू मोजमापाचा: पेशी किती, क्षेत्रफळ किती, डाग किती गडद. १९९७ मध्ये त्याची जावा भाषेतली आवृत्ती आली, तीच आपली इमेजजे. फुकट मिळते, त्यामुळे आपल्याकडच्या बहुतेक लॅबमध्ये असतेच. मला हा योगायोग फार आवडतो. सुंदर करायचं यंत्र आणि मोजायचं यंत्र, दोन्ही एकाच साली जन्मली आणि आज एकाच टेबलावर असतात.

गडबड कधी उघडकीला आली? २००२ च्या सुमारास. जर्नल ऑफ सेल बायॉलॉजीचे माइक रॉसनर पेपरच्या फाइल्स एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात नेत होते, तेव्हा एका ब्लॉटमध्ये काही पट्ट्या वेगळ्या उजळवलेल्या दिसल्या. त्यानंतर जर्नलने स्वीकारलेल्या प्रत्येक पेपरचे फोटो तपासायला सुरुवात केली. निकाल असा, की साधारण चारातल्या एका पेपरमधला निदान एक फोटो नियमाबाहेर बदललेला निघाला आणि पुन्हा करून मागवावा लागला. खरी फसवणूक मात्र सुमारे एक टक्का. म्हणजे बहुतेकांना आपण काही वावगं करतोय असं वाटतच नव्हतं! पुढे २०१६ मध्ये एलिझाबेथ बिक आणि सहकाऱ्यांनी २०,६२१ पेपर डोळ्यांनी तपासले. ३.८ टक्क्यांमध्ये एकच फोटो दोनदा वापरण्यासारख्या अडचणी सापडल्या.

रॉसनर आणि केनेथ यामादा यांनी २००४ मध्ये नियम लिहून काढले. ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट बदला, पण पूर्ण फोटोला सारखा. एखादीच गोष्ट उठावदार करायची नाही, लपवायची नाही, हलवायची नाही, पुसायची नाही. गॅमासारखा बदल केला तर फोटोखाली लिहायचं. वेगवेगळ्या जेलचे तुकडे शेजारी लावले तर मध्ये रेघ दिसली पाहिजे. आणि मूळ फाइल जपून ठेवायची. आता डॉज आणि बर्न आठवा. कलेत मान्य असलेली ही दोन्ही कामं एकाच जागेपुरती असतात, म्हणून इथे दोन्ही बाद. ती कोपऱ्यातली धूळसुद्धा तशीच ठेवायची, फार तर स्लाइड पुसून फोटो पुन्हा काढायचा.

इमेजजेमध्ये ब्राइटनेस-कॉन्ट्रास्टची खिडकी उघडलीत की थॉमसचा 'डिस्प्ले' पुन्हा भेटेल. पट्टी सरकवली की फक्त दिसणं बदलतं, आकडे तेच राहतात. पण 'अप्लाय' दाबलंत की पिक्सेलचे आकडेच बदलतात, आणि त्यानंतर काढलेली सरासरी त्या बदललेल्या फोटोची असते. मोजमाप आधी, अप्लाय नंतर, आणि तेही प्रतीवर.

रॉसनर यांच्या जर्नलमध्ये तपासणी कशाने करायचे, तर फोटोशॉपनेच. ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट टोकाला नेलं की काळ्याभोर पार्श्वभूमीतले जोड आणि पुसलेल्या जागा वर येतात. तुमचा एखादा फोटो घेऊन आज करून बघा. जेपीईजी असेल तर आठ बाय आठ पिक्सेलचे बारीक चौकोनही दिसतील. ते तुम्ही केलेले नाहीत, फाइल लहान करताना कॅमेऱ्याने किंवा सॉफ्टवेअरने केलेत. पुढच्या वेळी टिफमध्ये सेव्ह करा.