शिशाचे ओझे: अलिबागची वेधशाळा ते शर्यतीची मोटार

१८५९ साली दोन घटना घडल्या. फ्रान्समध्ये गास्ताँ प्लांते यांनी शिशाचे पत्रे सौम्य गंधकाम्लात बुडवून पुन्हापुन्हा भारित करता येणारा पहिला विद्युतघट तयार केला. आणि त्याच वर्षी २ सप्टेंबरला मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरल्याची नोंद झाली. सूर्यावरील उद्रेकामुळे आलेले ते प्रचंड चुंबकीय वादळ होते. पुढे या दोन धाग्यांची गाठ अलिबागच्या किनाऱ्यावर पडली. ती कशी, हे समजून घेतले तर आजच्या वेगवान मोटारीत हलकी बॅटरी कशासाठी बसवतात, हेही उलगडते.

ट्राम आणि चुंबकसूची

मुंबईत १८७४ पासून घोड्यांच्या ट्रामगाड्या होत्या. विसाव्या शतकाच्या प्रारंभी त्या विजेवर चालवण्याचे ठरले. ट्रामला वीज पुरवण्याचे तेव्हा दोन मुख्य मार्ग होते. एक, गाडीतच संचायक घट ठेवणे. दुसरा, वर तार ताणून तिच्यातून प्रवाह घेणे व तो रुळांवाटे परत पाठवणे. पॅरिस, बर्लिन, हॅनोव्हर येथे पहिला मार्ग चोखाळून पाहिला गेला. पण शिशाच्या घटांमुळे डब्याचे वजन काही टनांनी वाढे, रूळ झिजत, आम्लाच्या वाफांनी प्रवासी हैराण होत. शेवटी शहरोशहरी तारच जिंकली. मुंबईनेही तारेचाच मार्ग धरला.

येथेच वेधशाळेची अडचण सुरू झाली. तारेतून जाणारा एकदिश प्रवाह सगळाच्या सगळा रुळांतून परतत नाही. काही भाग जमिनीत भरकटतो. समजा १०० अँपिअर प्रवाहाची लांब तार एक किलोमीटरवर आहे आणि परतीचा प्रवाह फार दूरवरून जात आहे. तिचे चुंबकीय क्षेत्र २० नॅनोटेस्ला भरते. पृथ्वीच्या क्षेत्रात दररोज होणारे नैसर्गिक चढउतारही काही दशक नॅनोटेस्लांचेच असतात. म्हणजे सूर्याचा परिणाम कोणता आणि ट्रामचा कोणता, हे ओळखणे अशक्य. टोरांटोची चुंबकीय निरीक्षणे याच कारणाने १८९८ मध्ये शहराबाहेर हलवावी लागली होती. पुढे लंडनजवळच्या क्यू वेधशाळेवरही तीच पाळी आली.

कुलाब्याचे संचालक नानाभाय आर्देशिर फ्रामजी मूस यांच्यापुढे प्रश्न केवळ नव्या जागेचा नव्हता. १८४६ पासूनची सलग नोंद तुटू द्यायची नव्हती. मुंबईच्या दक्षिणेस सुमारे ३० किलोमीटरवर, समुद्रापलीकडे, अलिबागची जागा निवडण्यात आली. तेथील इमारत १९०४ मध्ये उभी राहिली, तीही लोखंड टाळून. पोरबंदरचा दगड, लाकूड, तांबे, पितळ असे अचुंबकीय पदार्थ वापरून. त्यानंतर १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमापे घेतली गेली. त्यामुळे दोन ठिकाणच्या आकड्यांतील फरक कळला आणि जुनी मालिका नव्या मालिकेला जोडता आली. ७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची ट्राम धावली, तेव्हा चुंबकसूच्या सुरक्षित होत्या. आज भारतीय भूचुंबकत्व संस्था ही वेधशाळा चालवते.

बॅटरीवर धावणाऱ्या गाडीत प्रवाहाचा संपूर्ण मार्ग गाडीतच बंदिस्त असतो, आणि अशा लहान वेढ्याचे क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात कमी होते. तेव्हा हलकी बॅटरी उपलब्ध असती, तर कुलाब्याची सूची ट्रामने फारशी ढळली नसती.

ओझे किती?

शिसे इतके नडते का? शिशाचा अणुभार २०७ आहे आणि प्रत्येक अणू दोन इलेक्ट्रॉन देतो. म्हणजे एक मोल इलेक्ट्रॉनांसाठी १०३ ग्रॅमपेक्षा जास्त शिसे लागते. लिथियमचा अणुभार ७, इलेक्ट्रॉन एक; तेवढ्याच कामाला ७ ग्रॅम पुरतात. कागदावर हा फरक पंधरापट आहे. प्रत्यक्षात लिथियमला सामावून घेणारे पदार्थ, द्रावण व वेष्टन यांचेही वजन येते आणि फायदा साधारण तिपटीवर उतरतो.

शिशाने वेग दिला नाही असे मात्र नाही. २९ एप्रिल १८९९ रोजी पॅरिसजवळ कामीय जेनात्झी यांनी बॅटरीवरील मोटार ताशी १०५.८८ किलोमीटर वेगाने नेली. ताशी शंभराची मर्यादा ओलांडणारी ती पहिली मोटार. पण तिच्या वजनाचा मोठा हिस्सा बॅटरीचाच होता आणि असा वेग फार काळ टिकत नसे. पेट्रोलने बाजी मारली. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर चालणारा स्टार्टर आला आणि शिशाची बॅटरी मोटारीची धनीण न राहता चाकर झाली.

पर्याय यायला बराच काळ गेला. व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो यांच्या कामातून लिथियम-आयन घट घडला आणि १९९१ मध्ये बाजारात आला. या तिघांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९९७ मध्ये गुडइनफ यांच्या टेक्सासमधील प्रयोगशाळेतून लोह फॉस्फेटच्या घटाची माहिती प्रसिद्ध झाली. त्या निबंधाचे पहिले लेखक अक्षय पाढी होते. या घटाचा विभव सुमारे ३.३ व्होल्ट. असे चार जोडले की १३.२ व्होल्ट होतात, म्हणजे मोटारीच्या १२ व्होल्टच्या यंत्रणेशी मेळ बसतो.

दहा किलोंची किंमत

२०१० मध्ये पोर्श कंपनीने ९११ जीटी३ सारख्या वेगवान मोटारींसाठी लिथियमची स्टार्टर बॅटरी देऊ केली. वजन ६ किलोंहून कमी, म्हणजे नेहमीच्या शिशाच्या बॅटरीपेक्षा १० किलोंहून अधिक हलकी. किंमत १९०० युरोंच्या वर. नेहमीची बॅटरी ६० अँपिअर-तासांची होती, ही १८ अँपिअर-तासांची. ती पुरते कशी? इंजिन सुरू करताना २०० अँपिअर प्रवाह ३ सेकंद लागला असे धरू. २०० × ३ ÷ ३६०० म्हणजे एक षष्ठांश अँपिअर-तास. स्टार्टरला साठा थोडाच लागतो. प्रवाह मात्र झटक्यात मिळायला हवा. अर्थात गाडी बरेच दिवस उभी राहिली तर लहान साठा लवकर संपणार.

थंडीचीही अडचण असते. शून्य अंशाखाली लिथियम घटाचा अंतर्गत रोध वाढतो. म्हणून कंपनी हिवाळ्यासाठी शिशाची बॅटरीही सोबत देत असे! कोकणात हा प्रश्न नाही, पण इंजिनाच्या उष्णतेपासून घट दूर ठेवावे लागतात, आणि अतिभारण व पूर्ण विसर्जन रोखणारे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आवश्यक असते.

आणि लाभ? सुमारे १४०० किलोंच्या गाडीतून १० किलो गेले तर त्वरण ०.७ टक्क्यांनी वाढते. शून्यापासून ताशी १०० किलोमीटर गाठायला ४ सेकंद लागत असतील, तर वाचतात सुमारे ०.०३ सेकंद. शर्यतीत तेवढ्याला मोल आहे. बाजारहाट करणाऱ्याला नाही. खरा लाभ संपूर्ण गाडीच बॅटरीवर चालवताना होतो, कारण तेथे ओझे दहा किलोंचे नसून शेकडो किलोंचे असते.

वर्गात एक सोपा प्रयोग करून पाहावा. एक कोरडा घट, विजेरीचा दिवा आणि दोन लांब तारा घ्या. दिवा पेटवून एक तार होकायंत्रावरून उत्तर-दक्षिण न्या, दुसरी लांबून वळवा; सूची हलेल. मग जाणारी आणि येणारी तार एकमेकींना पिळून तोच प्रयोग करा. सूची जवळजवळ स्थिर राहील. ट्रामपायी अलिबागला वेधशाळा का बांधावी लागली, हे मग विद्यार्थी स्वतःच सांगतील.