घशाचे दुखणे : श्रद्धा, उपचार आणि इतिहास

दरवर्षी 2 फेब्रुवारीला, प्रभूच्या समर्पणाच्या सणाच्या दिवशी, देवळात मेणबत्त्या आशीर्वादित होतात. दुसऱ्या दिवशी, म्हणजे संत ब्लेझच्या सणाला, दोन मेणबत्त्या फुलीच्या आकारात धरून धर्मगुरू भाविकांच्या गळ्याला लावतात आणि घशाच्या व अन्य सर्व आजारांपासून देवाने रक्षण करावे अशी या संताच्या मध्यस्थीने प्रार्थना करतात. आम्ही सारे लहानपणापासून या रांगेत उभे राहत आलो आहोत. आज मात्र हा विधी अनेकांच्या लेखी केवळ सवयीचा उरला आहे. घसा दुखला तर दोन दिवस मीठ-पाण्याच्या गुळण्या कराव्यात, की बरे वाटते. त्यात जिवावर बेतण्याजोगे काय आहे? मग खास घशासाठी वर्षातील एक दिवस राखून ठेवावा असे आमच्या पूर्वजांना का वाटले असावे?

या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या भीतीत सापडते. ती भीती अज्ञानातून आलेली नव्हती. तिला तसेच सबळ कारण होते. ते कारण आम्ही विसरलो, म्हणून त्याची उजळणी करण्याचा हा प्रयत्न.

संत ब्लेझ हे चौथ्या शतकाच्या आरंभी आर्मेनियातील सेबास्ते नगराचे बिशप होते. हे नगर आज तुर्कस्तानात सिवास या नावाने ओळखले जाते. इ. स. 316च्या सुमारास त्यांनी श्रद्धेसाठी प्राण दिले. त्यांची चरित्रकथा बरीच नंतर लिहिली गेली, त्यामुळे तिच्यातील प्रत्येक तपशील इतिहास म्हणून मांडता येणार नाही. परंपरा असे सांगते की ते मुळात वैद्य होते आणि त्यांना तुरुंगाकडे नेत असताना एका मातेने घशात माशाचा काटा अडकून गुदमरलेला आपला मुलगा त्यांच्या पायाशी आणून ठेवला. त्यांच्या प्रार्थनेने तो मुलगा वाचला. सहाव्या शतकातील आमिदा येथील एटियस हा ग्रीक वैद्य घशात अडकलेल्या वस्तूंवरील उपचार लिहिताना या संताचा धावा करण्यासही सांगतो. प्रार्थना आणि उपचार एकाच वैद्यकग्रंथात शेजारी शेजारी नांदत होते, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

मध्ययुगात युरोपभर ज्या चौदा साहाय्यक संतांचा धावा केला जाई त्यांत संत ब्लेझ यांची गणना होती. पोर्तुगीजांबरोबर युरोपातील संतांची भक्ती आमच्या किनाऱ्यावर आली. गोव्यात तिसवाडीतील गवंडाळी येथे आणि मुंबईत अंधेरीच्या आंबोली येथे त्यांच्या नावाची देवळे आहेत. समुद्राकाठी राहणाऱ्या आणि पाल्यासारख्या काटेरी माशाची चव जाणणाऱ्या आम्हां लोकांना घशात अडकलेल्या काट्याची ही कथा फारशी समजावून सांगावी लागली नसेल! परंतु घशाची खरी भीती माशाच्या काट्याची नव्हती. ती होती घटसर्पाची.

घटसर्प म्हणजे इंग्रज डॉक्टरांचा डिप्थेरिया. आमच्याकडील शेतकऱ्यांना हे नाव गुरांच्या आजारामुळे अधिक परिचित आहे. पावसाळ्यापूर्वी गाई-म्हशींना घटसर्पाची लस टोचून घेतात. पण तो जनावरांचा आजार निराळ्या जंतूंमुळे होतो. माणसाच्या घटसर्पात आरंभी साधी घसादुखी आणि थोडा ताप असतो. नंतर घशात करड्या रंगाचा चिवट पापुद्रा धरू लागतो, मान सुजते, श्वासाची वाट बंद होत जाते. त्यातून मूल वाचलेच तर जंतूंचे विष रक्तावाटे हृदयापर्यंत आणि नसांपर्यंत पोहोचते. खेळते मूल आठवड्याच्या आत दगावे आणि त्याच्यामागून घरातील दुसऱ्या मुलाचा घसा धरे.

हा आजार फार जुना आहे. इ. स.च्या दुसऱ्या शतकातील कापादोकियाचा वैद्य आरेटियस याने घशातील अशा जीवघेण्या व्रणांचे वर्णन करून इजिप्त आणि सीरिया येथे ते विशेष आढळतात असे नोंदवले. सुश्रुतसंहितेत रोहिणी नावाचा, गळा रोधून प्राण घेणारा विकार पाच प्रकारांत सांगितला आहे. त्याचे घटसर्पाशी असलेले साम्य अनेक अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. स्पेनमध्ये 1613 साली या आजाराने असा कहर केला की ते वर्षच लोकांच्या स्मरणात ‘गारोतिल्योचे वर्ष’ म्हणून राहिले. गळा आवळून देहदंड देण्याच्या साधनाला तेथे ‘गारोते’ म्हणत. त्यावरूनच आजाराला हे नाव पडले. आपल्या मुलांचा गळा एखादा अदृश्य मारेकरी आवळत आहे असे ज्या मातापित्यांना वाटत होते, ते 3 फेब्रुवारीला रांगेत कोणत्या मनाने उभे राहत असतील याची कल्पना आज करता येते.

अशा वेळी वैद्य तरी काय करू शकत होते? अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन 12 डिसेंबर 1799 रोजी थंडीपावसात घोड्यावरून शेताची पाहणी करून आले आणि त्यानंतर त्यांचा घसा धरला. तीन डॉक्टर उशाशी होते. त्या काळच्या समजुतीप्रमाणे त्यांचे चार वेळा रक्त काढण्यात आले आणि 14 तारखेच्या रात्री ते वारले. तिघांतील सर्वांत तरुण डॉक्टरने अधिक रक्त काढण्यास हरकत घेतली होती. श्वासनलिकेला छेद देऊन वाट मोकळी करावी असे त्याने सुचवले होते. वडीलधाऱ्यांनी ते मानले नाही. पुढे 1878 साली व्हिक्टोरिया राणीची कन्या राजकुमारी अ‍ॅलिस हिच्या जर्मनीतील राजवाड्यात घटसर्प शिरला. नोव्हेंबरात तिची चार वर्षांची धाकटी मुलगी गेली. बहिणीच्या मृत्यूची वार्ता ऐकून रडणाऱ्या मुलाला आईने जवळ घेऊन मुका दिला, असे सांगतात. 14 डिसेंबर रोजी तीही गेली. तिचे वय अवघे 35 होते. सत्ता आणि संपत्ती यांपुढे हा आजार थांबत नव्हता.

त्याला अखेर थांबवले ते शास्त्रज्ञांच्या शंभर वर्षांच्या चिकाटीने. फ्रान्समधील तूर शहराचे डॉक्टर पिएर ब्रेतोनो यांनी 1826 साली हा एक स्वतंत्र आजार असल्याचे दाखवून त्याला चामडे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून नाव दिले. 1883 मध्ये एडविन क्लेब्स यांनी त्याचा जंतू पाहिला; 1884 मध्ये फ्रीडरिश लोफ्लर यांनी तो प्रयोगशाळेत वाढवला. 1888 मध्ये पॅरिसच्या रू आणि येर्सां यांनी जंतूपेक्षा त्याचे विषच मारक असल्याचे सिद्ध केले. 1890 मध्ये बेरिंग यांनी, जपानी सहकारी कितासातो यांच्यासह, प्राण्यांच्या रक्तद्रवातील प्रतिविष शोधून काढले. घोड्यांपासून तयार केलेले हे प्रतिविष रू यांनी पॅरिसच्या बालरुग्णालयात वापरले आणि 1894 साली त्याचा निष्कर्ष जगापुढे ठेवला. तेथे पूर्वी दर 100 आजारी मुलांपैकी 50च्या आसपास दगावत. ती संख्या 25च्या घरात आली. वैद्यकाचे पहिले नोबेल पारितोषिक 1901 साली बेरिंग यांना मिळाले ते याच कार्यासाठी. 1923 मध्ये गास्तों रामों यांनी विष निरुपद्रवी करून लस तयार केली. आमच्या बाळांना दिली जाणारी त्रिगुणी लस घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांपासून वाचवते. 1978 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात ती होती, आणि आता पंचगुणी लसीतून हेच संरक्षण मिळते.

आमच्या घरांतून मात्र घशाच्या उपचाराची परंपरा वेगळीच होती आणि ती आजीच्या हाती होती. हळद-मिठाच्या गुळण्या, ज्येष्ठमधाची काडी, आल्याचा रस आणि मध, तुळस व गवती चहाचा काढा, रात्री हळदीचे दूध, ही तिची औषधपेटी. आंबट आणि तेलकट वर्ज्य. त्यातील बरेचसे आजही उपयोगी आहे. गरम गुळण्यांनी वेदना कमी होतात, मधाने खोकल्याला उतार पडतो. मात्र वर्षाच्या आतील बाळाला मध देऊ नये. काही प्रथा मात्र सोडून देण्याजोग्या होत्या. मूल खाईनासे झाले की ‘पडजीभ पडली’ असे म्हणून अंगठ्याला मीठ किंवा मिरपूड लावून ती वर दाबण्याची रीत अनेक गावांत होती. त्याने सुजलेल्या घशाला इजा होई आणि मुख्य म्हणजे डॉक्टरकडे जाण्यातले मोलाचे दिवस निघून जात. आजी, मग जाणती शेजारीण, मग सिस्टरांचा दवाखाना आणि सर्वांत शेवटी मोठे हॉस्पिटल, असा आमच्या लोकांचा क्रम असे. पैसा, अंतर आणि संकोच यांनीच बहुधा तो ठरवलेला होता; म्हणून त्याला अडाणीपणा म्हणून नावे ठेवणे अन्यायाचे होईल.

घटसर्पाची धास्ती ओसरली आणि घशाची भीतीच संपली, असे आम्ही मानू लागलो. येथेच आमची गफलत होते. घशात स्ट्रेप्टोकॉकस नावाचे जंतू वाढले तर घसा आठवडाभरात बरा होतो. पण त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांना ताप येतो, आलटूनपालटून सांधे सुजतात आणि हृदयाच्या झडपांना इजा पोहोचते. सांधे बरे होतात, झडपा मात्र पुढेही आकसत जातात. पंधरा-वीस वर्षांनी जिना चढताना धाप लागू लागते. कित्येक स्त्रियांच्या बाबतीत हे दुखणे पहिल्या गरोदरपणी प्रथम लक्षात येते, आणि तेव्हा दोन जीव धोक्यात असतात. तिच्या लहानपणीच्या घसादुखीची आठवण त्या वेळी घरात कोणालाही नसते.

हे टाळता येते, हे 1950 साली सिद्ध झाले. अमेरिकेतील वायोमिंग राज्यात हवाई दलाच्या वॉरन तळावर डॉक्टरांनी असे दाखवून दिले की या घसादुखीवर वेळीच पेनिसिलिन दिल्यास पुढचा हृदयविकार बहुतांशी टळतो. आजार सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत उपचार सुरू झाले तरी हे साधते, हे नंतर स्पष्ट झाले. महाराष्ट्राच्या दृष्टीने अभिमानाची गोष्ट ही की जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना 1954 साली स्थापन झाला आणि पेनिसिलिन आमच्याच भूमीवर तयार होऊ लागले. ज्यांच्या झडपांना आधीच इजा झाली आहे त्यांना दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन अनेक वर्षे घ्यावे लागते. ते कंटाळून मध्येच सोडणे म्हणजे आजाराला पुन्हा घरात बोलावणे होय.

याचा अर्थ प्रत्येक घसादुखीला अँटिबायोटिक हवे असा मुळीच नाही. मुलांच्या दर 100 घसादुखींपैकी साधारण 20 ते 30 या जंतूंमुळे होतात; मोठ्या माणसांत हे प्रमाण त्याहून कमी आहे. बाकीच्या बहुतेक विषाणूंमुळे येतात आणि आपोआप जातात. नाक वाहत असेल, खोकला असेल, आवाज बसला असेल तर बहुधा कारण विषाणूच. खोकला नसताना भरपूर ताप, गिळताना तीव्र वेदना आणि गळ्याशी दुखऱ्या गाठी असतील तर मात्र डॉक्टरांना घसा दाखवावा. श्वास घेताना आवाज येणे, लाळही गिळता न येणे, मान सुजणे किंवा घशात करडा पापुद्रा दिसणे ही लक्षणे असतील तर सकाळचीही वाट पाहू नये. औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने चार गोळ्या आणणे आणि डॉक्टरांनी दहा दिवसांसाठी दिलेले औषध दुसऱ्या दिवशी बंद करणे या दोन्ही सवयी सारख्याच घातक आहेत. पहिलीने जंतू औषधाला दाद देईनासे होतात; दुसरीने ते घशात दडून राहतात.

घटसर्पही पुरता गेलेला नाही. सोव्हिएत संघराज्य कोसळल्यानंतर तेथील लसीकरणाची घडी विस्कटली आणि 1990च्या दशकात दीड लाखांहून अधिक लोकांना तो झाला. सुमारे 5,000 माणसे दगावली. भारतातही 2018 साली आठ हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. बाळपणीच्या तीन मात्रा आम्ही काळजीने देतो. पण दीड वर्षाची, पाच वर्षांची आणि पुढे 10 व 16 वर्षांची मात्रा कित्येक घरांतून राहून जाते. शत्रू वेशीबाहेर थांबला आहे एवढेच. तो मेलेला नाही.

मग मेणबत्तीचे काय? लस आणि पेनिसिलिन आल्यावर त्या आशीर्वादाचे प्रयोजन उरले नाही, असे कोणी म्हणेल. आम्हाला तसे वाटत नाही. पवित्र शास्त्रातील सिराखच्या ग्रंथाचा 38वा अध्याय या बाबतीत आमचा मार्गदर्शक आहे. आजारपणात प्रार्थना करावी आणि वैद्यालाही त्याचे स्थान द्यावे, कारण वैद्य आणि औषध ही दोन्ही देवाचीच निर्मिती आहे, असा त्याचा आशय. परंपरेने ज्यांना वैद्य मानले त्या संत ब्लेझच्या नावाने घशावर आशीर्वाद घ्यायचा आणि मुलाचा ताप मात्र अंगावर काढायचा, हे त्या संताला कसे रुचेल? ज्या मातेने आपला गुदमरलेला मुलगा त्यांच्यापाशी आणला तिने वेळ दवडला नव्हता. जेथे साहाय्य मिळेल तेथे ती धावत गेली. तिची श्रद्धा तिच्या धावण्यातही होती.

येत्या 3 फेब्रुवारीला मुलांना घेऊन आपण सारे देवळात जाऊ या. धर्मगुरू मेणबत्त्या गळ्याला लावतील तेव्हा, हे वरदान ज्यांच्या काळी नव्हते अशा असंख्य मातापित्यांचे आणि त्यांच्या मुलांचे स्मरण करू या. आणि घरी परतल्यावर मुलांच्या लसीकरणाचे कार्ड कपाटातून काढून त्यावरील तारखा एकदा नीट वाचू या. एखादी मात्रा राहिली असेल तर त्याच आठवड्यात ती पुरी व्हावी. गळ्याला लागलेल्या आशीर्वादाचा मान आपल्या परीने राखण्याचा तोच मार्ग आहे.