कौटुंबिक हिंसाविरोधी चळवळ, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील (अ. सं. सं.) कृष्णवर्णीय समाजात पती वा सहचर यांच्याकडून होणाऱ्या छळास व मारहाणीस बळी पडणाऱ्या स्त्रियांना संरक्षण, आश्रय आणि न्याय मिळवून देण्यासाठी, मुख्यत्वे १९७० नंतर, उभी राहिलेली चळवळ. गोऱ्या स्त्रियांच्या पुढाकाराने वाढलेली स्त्रीमुक्ती चळवळ आणि कृष्णवर्णीयांचा वांशिक समतेचा लढा या दोहोंशी तिचे नाते एकाच वेळी जवळिकीचे व मतभेदाचे राहिले आहे. तिच्यापुढील मूळ पेच साधा पण कठीण आहे. मार खाणाऱ्या स्त्रीने पोलिसांना बोलावले, तर ज्या यंत्रणेकडून आपल्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या अन्यायच मिळाला, तिच्याच हाती घरातील पुरुष सोपवावा लागतो. न बोलावले, तर तिचा स्वतःचा जीव धोक्यात राहतो. हा पेच समजण्यासाठी गुलामगिरीच्या काळापर्यंत मागे जावे लागते.

पार्श्वभूमी : गुलामगिरीच्या कायद्यात कृष्णवर्णीय स्त्रीच्या शरीराला संरक्षण नव्हते. मिसूरी राज्यातील कॅलवे परगण्यात सेलिया नावाच्या तरुण गुलाम स्त्रीवर तिचा मालक अनेक वर्षे बलात्कार करीत होता. २३ जून १८५५ रोजी प्रतिकार करताना तिने त्याला ठार केले. कोणत्याही स्त्रीला आपल्या अब्रूच्या रक्षणासाठी बळाचा वापर करण्याची मुभा राज्याच्या कायद्यात होती. तथापि गुलाम स्त्रीला ही तरतूद लागू होत नाही, असे न्यायालयाने ठरविले आणि २१ डिसेंबर १८५५ रोजी सेलियाला फाशी देण्यात आली. ‘कोणतीही स्त्री’ या शब्दांत कृष्णवर्णीय स्त्री मोडत नाही, हा या निकालाचा सरळ अर्थ होता. पुढील सव्वाशे वर्षांतील अनेक खटल्यांत तो निराळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा डोकावताना दिसतो.

यादवी युद्धानंतर (१८६१–६५) मुक्त झालेल्या गुलामांच्या विवाहांना कायदेशीर मान्यता मिळाली. त्यांच्या व्यवस्थेसाठी स्थापन झालेल्या ‘फ्रीडमन्स ब्यूरो’ या संघराज्यीय खात्याच्या कचेऱ्यांत अनेक मुक्त स्त्रियांनी पतीच्या मारहाणीविरुद्ध तक्रारी नोंदविल्या. या स्त्रिया मुकाट्याने सोसत होत्या, असे म्हणणे त्यामुळे वस्तुस्थितीस धरून होणार नाही. दाद मागण्याचे ठिकाण मिळताच त्यांनी दाद मागितली. न्यायालयांची वृत्ती मात्र संमिश्र होती. नॉर्थ कॅरोलायनाच्या सर्वोच्च न्यायालयाने १८६८ मध्ये, क्षुल्लक मारहाणीपायी घराचा पडदा उघडण्याचे कारण नाही, असे म्हणून एका पतीस मोकळे ठेवले. याउलट अलाबामाच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७१ साली फुलघॅम खटल्यात पत्नीला ‘शिस्त’ लावण्याचा पतीचा पुरातन हक्क स्पष्टपणे नाकारला. कायद्याच्या इतिहासात हा निकाल पुरोगामी म्हणून नावाजला जातो. परंतु त्यातील पती-पत्नी दोघेही नुकतेच गुलामगिरीतून सुटलेले कृष्णवर्णीय होते, ही गोष्ट बहुधा सांगितली जात नाही. गोऱ्या गृहस्थाच्या घराचा उंबरठा ओलांडण्यास कचरणारे न्यायाधीश कृष्णवर्णीयाच्या घरात सहज शिरू शकत होते. पत्नीस मारणाऱ्यांना जाहीर फटक्यांची शिक्षा देणारे कायदे मेरिलंड (१८८२), डेलावेअर (१९०१) व ऑरेगन (१९०५) या राज्यांत संमत झाले. ही शिक्षा वंशभेद लक्षात घेऊनच पुरस्कारिली गेली, असे रीव्हा सीगल यांच्यासारख्या कायद्याच्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. कृष्णवर्णीय पुरुषाच्या पाठीवरचा मालकाचा चाबूक गेला आणि सरकारचा आला.

याच काळात दक्षिणेत लिंचिंगचे (जमावाने कायदा हाती घेऊन केलेल्या हत्यांचे) सत्र सुरू होते आणि त्याचे समर्थन करताना कृष्णवर्णीय पुरुष गोऱ्या स्त्रियांवर बलात्कार करतात, असा सर्रास आरोप होई. मेंफिस येथे मार्च १८९२ मध्ये तीन कृष्णवर्णीय दुकानदारांची हत्या झाल्यावर पत्रकार आयडा बी. वेल्स (१८६२–१९३१) यांनी या आरोपाचा फोलपणा उघड केला. परिणामी त्यांच्या वृत्तपत्राची कचेरी उद्ध्वस्त करण्यात आली. अशा वातावरणात आपल्या पुरुषांच्या हिंसेविषयी बोलणे म्हणजे शत्रूच्या हाती कोलीत देणे होय, अशी समजूत कृष्णवर्णीय समाजात दृढ झाली. बाहेरून मोकळेपणाचा आभास ठेवून अंतरीचे दुःख झाकण्याच्या या रीतीचे इतिहासकार डार्लीन क्लार्क हाइन यांनी १९८९ मध्ये विश्लेषण केले. ते मौन भेकडपणाचे नव्हते, संरक्षणाचे होते; पण त्याची किंमत स्त्रियांनी मोजली.

चळवळीचा उदय : नागरी हक्कांच्या लढ्यात स्त्रियांचा वाटा मोठा असूनही घरातील हिंसा हा त्या लढ्याचा विषय झाला नाही. डॅन्येल पॅट्रिक मॉयनिहॅन यांच्या १९६५ च्या शासकीय अहवालात कृष्णवर्णीयांच्या दुरवस्थेचा संबंध स्त्रीप्रधान कुटुंबरचनेशी जोडण्यात आला होता. या अहवालावर कडाडून टीका करणारे काही कृष्णवर्णीय राष्ट्रवादी कार्यकर्तेही स्त्रियांनी पुरुषांच्या मागे उभे राहावे, असेच सांगत होते. या दुहेरी दडपणाविरुद्धचा सूर टोनी केड बांबारा यांनी संपादिलेल्या १९७० च्या द ब्लॅक वूमन  या संग्रहात ठळकपणे उमटला.

नॉर्थ कॅरोलायनातील एका परगण्याच्या तुरुंगात ऑगस्ट १९७४ मध्ये जोअॅन लिटल या कृष्णवर्णीय बंदिनीने बलात्कार करू पाहणाऱ्या गोऱ्या तुरुंगरक्षकास ठार केले. तिच्या बचावासाठी देशभर निधी जमला. नागरी हक्कवादी, स्त्रीवादी आणि तुरुंगसुधारणावादी एकत्र आले. १५ ऑगस्ट १९७५ रोजी ती निर्दोष सुटली. सेलियाला नाकारलेला स्वसंरक्षणाचा हक्क १२० वर्षांनी दुसऱ्या एका कृष्णवर्णीय स्त्रीस मिळाला. मात्र येथे हल्लेखोर गोरा होता, हेही लक्षात ठेवले पाहिजे. तो स्वतःच्या समाजातील असता, तर इतकी एकजूट झाली असती की नाही, याविषयी शंका घेण्यास जागा आहे.

बॉस्टन येथे १९७४ मध्ये स्थापन झालेल्या ‘कंबाही रिव्हर कलेक्टिव्ह’ या गटाने ही एकजूट पारखून पाहिली. हॅरिएट टबमन यांनी १८६३ मध्ये साउथ कॅरोलायनातील कंबाही नदीवर लष्करी मोहिमेत सातशेहून अधिक गुलामांची मुक्तता केली होती. गटाचे नाव त्यावरून घेतलेले आहे. वंश, वर्ग व लिंग यांवर आधारलेली दडपशाही एकमेकींत गुंतलेली असते, असे प्रतिपादन गटाने १९७७ च्या आपल्या निवेदनात केले. १९७९ च्या पहिल्या काही महिन्यांत बॉस्टनमध्ये बारा कृष्णवर्णीय स्त्रियांचे खून झाले. निषेधसभांत काही पुरुष वक्त्यांनी हे खून केवळ वंशद्वेषातून झाल्याचे सांगून स्त्रियांना घराबाहेर न पडण्याचा व पुरुषांच्या संरक्षणात राहण्याचा सल्ला दिला. यावर बार्बरा स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पत्रक काढले. सहा कृष्णवर्णीय स्त्रिया का मेल्या, असा त्याच्या शीर्षकातील प्रश्न होता. पुढे खुनांची संख्या वाढत गेली, तसतसा शीर्षकातील आकडा खोडून नवा घालावा लागला. मारल्या गेलेल्या केवळ कृष्णवर्णीय म्हणून मेल्या नाहीत, स्त्रिया म्हणूनही मेल्या, आणि ज्यांना घरातच मार बसतो त्यांना घरात बसण्याचा सल्ला उपयोगाचा नाही, हे त्यातील म्हणणे होते. साध्या भाषेतील त्या पत्रकात स्वसंरक्षणाच्या सूचना व मदतीच्या ठिकाणांची यादीही होती, म्हणून ते हातोहात गेले.

आश्रयगृहांची चळवळही याच दशकातील होय. मिनेसोटातील सेंट पॉल येथे १९७४ मध्ये निघालेल्या आश्रयगृहाच्या पाठोपाठ देशभर अशी गृहे निघाली आणि १९७८ मध्ये त्यांची राष्ट्रीय आघाडी स्थापन झाली. पतीची मारहाण सर्व वर्गांत व वंशांत सारखीच आढळते, हे या आघाडीचे आवडते सूत्र होते. गोऱ्या सुखवस्तू मतदारांची सहानुभूती त्याने मिळाली. पण ज्या स्त्रीजवळ घरभाडे नाही, नोकरी नाही आणि जिच्या वस्तीत पोलीस उशिरा येतात किंवा बंदुका रोखूनच येतात, तिची निराळी अडचण त्या सूत्राआड झाकली गेली. वॉशिंग्टन येथे १९८० मध्ये ‘तिसऱ्या जगातील स्त्रिया व हिंसा’ या विषयावर भरलेल्या पहिल्या राष्ट्रीय परिषदेच्या आयोजनात तेथील बलात्कारपीडितांच्या साहाय्यकेंद्राच्या लॉरेटा रॉस प्रमुख होत्या. एव्हलिन सी. व्हाइट यांनी १९८५ मध्ये खास कृष्णवर्णीय स्त्रियांसाठी मार्गदर्शक पुस्तक लिहिले. त्याच वर्षी बेथ रिची यांनी द ब्लॅक स्कॉलर  या नियतकालिकातून समाजाच्या मौनाला जाहीर आव्हान दिले.

अटकेचा प्रश्न : पोलिसांनी घरगुती भांडण म्हणून हात झटकू नयेत, ही स्त्रीसंघटनांची मागणी रास्तच होती. १९७७ मध्ये ऑरेगनने अशा प्रसंगी अटक सक्तीची केली. १९८१-८२ मध्ये मिनीॲपोलिस येथे लॉरेन्स शर्मन व रिचर्ड बर्क यांनी ३१४ प्रकरणांवर प्रयोग केला. पोलिसांच्या नोंदींनुसार सहा महिन्यांत पुन्हा हिंसा करणाऱ्यांचे प्रमाण अटक झालेल्यांत १०%, समज दिलेल्यांत १९% आणि घराबाहेर पाठविलेल्यांत २४% आढळले. १९८४ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध होताच अनेक राज्यांनी व शहरांनी अटकेचे धोरण स्वीकारले. एका शहरातील एका प्रयोगावर एवढी मोठी इमारत उभारणे उतावीळपणाचे होते, हे लवकरच दिसून आले. मिलवॉकी येथे १९८७-८८ मध्ये शर्मन यांनीच १,२०० प्रकरणांवर प्रयोग केला. तेथे नोकरीधंदा असलेल्यांना अटकेची जरब बसली. बेकारांची हिंसा मात्र अटकेनंतर वाढली. गमावण्यासारखे काही असलेला माणूस अटकेला भितो, नसलेला चिडतो, असा याचा उलगडा करण्यात आला. मिलवॉकीत बेकारी कृष्णवर्णीय वस्त्यांत एकवटलेली असल्याने सक्तीच्या अटकेचा सर्वाधिक तोटा कृष्णवर्णीय स्त्रियांच्याच वाट्यास येत होता. या प्रयोगातील स्त्रियांचा सरासरी २३ वर्षांनंतर शोध घेतला असता अधिकच धक्कादायक गोष्ट आढळली (२०१५) : ज्यांच्या सहचरांना केवळ ताकीद देऊन सोडले होते त्यांच्यापेक्षा ज्यांच्या सहचरांना अटक झाली होती त्या स्त्रियांचे मृत्युप्रमाण ६४% अधिक होते, कृष्णवर्णीय स्त्रियांत ते ९८% अधिक होते. हे मृत्यू मुख्यतः हत्येने नव्हे, तर हृदयविकारादी कारणांनी झाले होते. त्याची कारणमीमांसा अद्याप निश्चित झालेली नाही.

मदतीसाठी फोन करण्याची आणखी एक किंमत त्याच शहरात नजरेस आली. एखाद्या घरातून पोलिसांना वारंवार बोलावणी गेल्यास घरमालकास उपद्रवाबद्दल नोटीस देण्याचा नियम तेथे होता. मॅथ्यू डेझमंड व निकोल व्हाल्डेझ यांच्या २०१३ च्या अभ्यासानुसार अशा नोटिसांपैकी जवळजवळ एकतृतीयांश कौटुंबिक हिंसेतून उद्भवल्या होत्या, त्या कृष्णवर्णीय वस्त्यांत अधिक दिल्या जात आणि बहुतेक मालक भाडेकरू स्त्रीलाच घराबाहेर काढून मोकळे होत.

कायदेपंडित किंबर्ले क्रेन्शॉ यांनी १९८९ व १९९१ च्या निबंधांत ‘आंतरछेदिते’ची संकल्पना मांडली. दोन रस्ते मिळतात त्या चौकात उभ्या असलेल्या माणसाला दोन्हीकडून येणाऱ्या गाड्यांची धडक बसू शकते, तसे कृष्णवर्णीय स्त्रीचे असते, हे तिचे सार. लॉस अँजेल्स पोलिसांकडे त्यांनी विभागवार कौटुंबिक हिंसेची आकडेवारी मागितली असता ती नाकारण्यात आली. अल्पसंख्याकांच्या वस्त्यांपुरतीच ही समस्या आहे असे समजून सरकार हात आखडते घेईल, अशी स्त्रीसंघटनांना भीती होती. आपल्या समाजाची बदनामी होईल, अशी वांशिक संघटनांना. दोघांच्या काळजीत जिची माहिती दडली, ती स्त्री एकच होती.

१९९४ मध्ये संमत झालेल्या स्त्रीविरोधी हिंसाप्रतिबंधक अधिनियमाने १६० कोटी डॉलरची तरतूद केली. आश्रयगृहांना व साहाय्यकेंद्रांना त्याने मोठा आधार दिला, हे नाकारता येत नाही. परंतु हा अधिनियम ज्या व्यापक गुन्हेविषयक कायद्याचा भाग होता, त्यातच १ लाख नव्या पोलिसांची व तुरुंगबांधणीची तरतूद होती. रिची यांनी न्यूयॉर्कच्या रायकर्स आयलंड तुरुंगातील स्त्रियांच्या मुलाखती घेऊन लिहिलेल्या ग्रंथात (१९९६) मारहाण करणाऱ्या सहचराच्या धाकामुळेच अनेक कृष्णवर्णीय स्त्रिया गुन्ह्यात ओढल्या गेल्याचे दाखविले. सांता क्रूझ येथील २००० च्या परिषदेतून निघालेल्या ‘इन्साइट’ या संघटनेने २००१ मध्ये तुरुंगविरोधी गटासह निवेदन काढून, हिंसापीडितांचे संरक्षण तुरुंगांवर विसंबून न ठेवता वस्ती-पातळीवर करण्याचा आग्रह धरला. ऑलिव्हर विल्यम्स यांच्या नेतृत्वाखाली मिनेसोटा विद्यापीठात १९९३ पासून २०१६ पर्यंत चाललेल्या संस्थेने मात्र कायद्याला बगल न देता चर्च, समुपदेशक व मारहाण करणारे पुरुष यांच्यात काम केले.

अलीकडील घडामोडी : फ्लॉरिडातील मरिसा अलेक्झांडर हिने २०१० मध्ये पतीच्या धमक्यांपुढे इशाऱ्याची गोळी झाडली. कोणालाही इजा झाली नाही. तरीही बंदूक वापरल्याबद्दलच्या किमान शिक्षेच्या कायद्याने तिला २०१२ मध्ये २० वर्षांची सजा झाली. ती २०१३ मध्ये रद्द झाली आणि तडजोडीनंतर जानेवारी २०१५ मध्ये ती तुरुंगाबाहेर आली. मे २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड यांची पोलिसांच्या हातून हत्या झाल्यानंतर पुढच्याच महिन्यात चाळीसहून अधिक राज्यस्तरीय हिंसाविरोधी आघाड्यांनी एक निवेदन प्रसिद्ध केले. पोलिसांवर भिस्त ठेवताना कृष्णवर्णीय स्त्रियांच्या सूचनांकडे आपण दुर्लक्ष केले, अशी कबुली त्यात होती. काही राज्यांत त्यामुळे पोलीस खात्याशी असलेले जुने सहकार्य ताणले गेले.

समस्येची तीव्रता ओसरलेली नाही. रोगनियंत्रण केंद्राच्या २०१० च्या पाहणीत ४३·७% कृष्णवर्णीय आणि ३४·६% गोऱ्या स्त्रियांनी आयुष्यात कधीतरी सहचराकडून बलात्कार, मारहाण वा पाठलाग सोसल्याचे आढळले. २००३–१४ या काळात कृष्णवर्णीय स्त्रियांच्या हत्येचे प्रमाण लाखात ४·४, तर गोऱ्या स्त्रियांत १·५ होते. २०२२ मध्ये १९९४ च्या अधिनियमाचे नूतनीकरण करताना न्यायालयाबाहेरील समेट व भरपाईच्या पद्धतींच्या प्रयोगांसाठी प्रथमच अनुदानाची सोय करण्यात आली. ज्यांचा गुन्हा सोसलेल्या छळातून घडला, अशा कैद्यांच्या शिक्षेचा फेरविचार करणारा कायदा न्यूयॉर्कने २०१९ मध्ये व ओक्लाहोमाने २०२४ मध्ये केला. छळ झाल्याचा पुरावा मात्र कैद्यानेच सादर करावयाचा असतो आणि पोलिसांकडे कधीच न गेलेल्या स्त्रीजवळ तो बहुधा नसतो.