पोष्ट ते रेंज : संदेशवहनविषयक इंग्रजी शब्दांचा मराठीतील प्रवास
(वेळापूर परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना

सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातील वेळापूर हे गाव अर्धनारीनटेश्वराच्या मंदिरासाठी आणि आषाढी वारीतील ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीच्या मुक्कामासाठी महाराष्ट्रास परिचित आहे. रामचंद्रदेव यादवाच्या राजवटीतील शिलालेख येथे आहेत. दगडावर कोरलेला मजकूर आणि दिंडीतून मुखोमुखी पुढे जाणारे अभंग ही संदेशवहनाची दोन प्राचीन साधने या गावाने शतकानुशतके पाहिली. आज त्याच पालखीमार्गावर वारकरी घरी फोन लावताना ‘रेंज नाही’ असे म्हणतो. ‘रेंज’ हा शब्द त्याने कोणत्याही इंग्रजी पाठ्यपुस्तकातून घेतलेला नसतो.

महाविद्यालयीन स्तरावर इंग्रजी विषयात संज्ञापनकौशल्ये शिकविताना शब्दसंग्रहाच्या याद्या दिल्या जातात. ग्रामीण विद्यार्थ्याजवळ हा शब्दसंग्रह मुळीच नसतो, असे त्यामागे गृहीत असते. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची ऐतिहासिक दृष्टीने तपासणी केली आहे. संदेशवहनाशी निगडित इंग्रजी शब्द मराठीत केव्हा व कसे आले, त्यांपैकी कोणते रुजले, त्यांना पर्याय म्हणून घडविलेल्या मराठी शब्दांचे काय झाले आणि या इतिहासाचा अध्यापनाशी काय संबंध आहे, हे पाहणे हा या लेखाचा उद्देश होय.

इंग्रजीपूर्व शब्दव्यवस्था

‘कम्युनिकेशन’ या इंग्रजी शब्दाचे मूळ ‘वाटून घेणे, सामाईक करणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे. मराठीत त्याला एकच एक प्रतिशब्द नाही. रस्ते व वाहतूक यांसाठी ‘दळणवळण’, निरोप पोहोचविण्यासाठी ‘संदेशवहन’, माणसामाणसांतील बोलण्यासाठी ‘संवाद’ आणि विद्यापीठीय व्यवहारात ‘संज्ञापन’ असे वेगवेगळे शब्द योजले जातात. इंग्रजीत एका शब्दात सामावलेला अर्थ मराठीने निरनिराळ्या व्यवहारांत विभागला आहे.

इंग्रजी राजवटीपूर्वीही या क्षेत्रातील मराठी शब्द मोठ्या प्रमाणावर परभाषीय होते. जासूद, खलिता हे शब्द फार्सी-अरबीच्या संपर्कातून आले. वाकेनवीस म्हणजे घडामोडींची नोंद ठेवणारा, डबीर म्हणजे परराज्यांशी पत्रव्यवहार पाहणारा. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी, इ.स. १६७४ मध्ये, वाकनीसाला मंत्री, डबीराला सुमंत आणि सुरनीसाला सचिव अशी संस्कृत नावे मिळाली. पाठोपाठ रघुनाथपंडितांचा ‘राज्यव्यवहारकोश’ तयार झाला. त्यात दरबारी व्यवहारातील सुमारे चौदाशे शब्दांना संस्कृत पर्याय देण्यात आले. हा प्रयत्न भाषिक स्वाभिमानाचा होता, यात शंका नाही. परंतु पुढील पेशवेकालीन पत्रव्यवहारात जासूद आणि खलिता तसेच राहिले. ‘चिटणीस’ हा शब्द तर आजही संस्था व राजकीय पक्ष यांच्या पदनामांत टिकून आहे. शब्द कोशात येणे आणि व्यवहारात रुजणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या पहिल्या प्रयोगातच दिसून आले.

पोष्ट आणि तार

इ.स. १८५४ च्या टपाल कायद्याने देशभर एकसूत्री टपालव्यवस्था आली. अंतर कितीही असले तरी हलक्या पत्रास अर्धा आणा असा समान दर ठरला. राजेरजवाड्यांपुरती व सावकारांपुरती मर्यादित असलेली पत्रांची ने-आण यामुळे सामान्य रयतेच्या आवाक्यात आली. या व्यवस्थेबरोबर आलेला ‘पोस्ट’ हा शब्द मराठीने तत्काळ आपल्या उच्चारात बसविला. संस्कृत वळणाच्या लेखनात ‘ट’पूर्वी ‘ष’ येतो, त्यानुसार तो ‘पोष्ट’ झाला. मराठीने त्याला नपुंसकलिंग दिले आणि सामान्यरूप करून ‘पोष्टात’, ‘पोष्टाने’ अशी रूपे सिद्ध केली. इ.स. १८७९ मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले आणि ‘कार्ड टाकणे’ हा वाक्प्रयोग रूढ झाला. परगावी गिरणीत राबणाऱ्याच्या घरी ‘मनीऑर्डर’ येऊ लागली. ती स्त्रीलिंगी झाली. ‘टपाल’ हा अगोदरचा शब्दही मागे पडला नाही. पोष्ट म्हणजे कचेरी आणि टपाल म्हणजे तेथून येणारी पत्रे, असे कार्यविभाजन बोलीने सहज करून टाकले.

तारेची कथा याहून वेगळी आहे. ओशॉनेसी यांच्या देखरेखीखाली इ.स. १८५० मध्ये कलकत्त्याजवळ प्रायोगिक तारमार्ग उभारण्यास सुरुवात झाली. कलकत्ता, आग्रा व मुंबई जोडल्यानंतर इ.स. १८५५ मध्ये ही सेवा जनतेस खुली झाली. ‘टेलिग्राफ’ हा शब्द उच्चारास कठीण आणि अर्थाने अपारदर्शक होता. लोकांनी समोर जे दिसत होते त्यालाच नाव दिले. खांबावरून खांबावर गेलेली धातूची तार दिसत होती, म्हणून यंत्र तारायंत्र झाले, कचेरी तारघर झाली आणि संदेशालाही ‘तार’ म्हणू लागले. त्यासाठी कोणतीही समिती नेमावी लागली नाही. ‘तार आली’ या दोन शब्दांनी घरातील चूल थंडावत असे, कारण तार बहुधा मृत्यूची किंवा गंभीर आजाराची वार्ता घेऊन येई. दि. १५ जुलै २०१३ रोजी भारत संचार निगमने ही सेवा बंद केली आणि त्याबरोबर या शब्दाचा हा अर्थही स्मृतीत जमा झाला.

घडविलेले शब्द

विसाव्या शतकात स्वातंत्र्यवीर सावरकर यांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीने इंग्रजी शब्दांना पर्याय देण्याचा प्रश्न ऐरणीवर आणला. माधवराव पटवर्धन यांचा ‘भाषाशुद्धि-विवेक’ इ.स. १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. दूरध्वनी, ध्वनिक्षेपक यांसारख्या शब्दांचे श्रेय या चळवळीस दिले जाते. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर इ.स. १९६० मध्येच भाषा संचालनालय सुरू झाले आणि शासकीय परिभाषा घडविण्याचे कार्य संघटितपणे हाती घेण्यात आले. पदनाम कोशावर त्या काळी ‘बदनाम कोश’ म्हणून टीकाही झाली. तथापि त्यातील अनेक शब्द आज कोणास अपरिचित वाटत नाहीत.

यांपैकी कोणते शब्द रुजले याचा विचार केल्यास एक सूत्र हाती लागते. ‘आकाशवाणी’ हे नाव म्हैसूर येथील एका खाजगी नभोवाणी केंद्रासाठी इ.स. १९३५ मध्ये योजले गेले आणि इ.स. १९५७ मध्ये ऑल इंडिया रेडिओने ते स्वीकारले. कंसाला झालेली आकाशवाणी कीर्तनातून गावोगाव माहीत होती. नव्या यंत्राला जुना, श्रद्धेने ऐकलेला शब्द मिळाला आणि निवेदकाच्या मुखातून तो दररोज कानी पडू लागला. मराठीतील ‘नभोवाणी’ हा समर्पक शब्द त्यापुढे मागे सरला, मात्र ‘नभोनाट्य’ या रूपाने तो अंशतः टिकला. ‘दूरदर्शन’चेही असेच झाले. मुंबई केंद्र दि. २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढे हे नाव घरोघरी पडद्यावर दिसू लागले. तरीही एक मर्यादा स्पष्ट आहे. आकाशवाणी व दूरदर्शन ही संस्थांची नावे झाली. यंत्र मात्र रेडिओ आणि टीव्हीच राहिले.

इ.स. १९५० मध्ये निघालेले ‘अंतर्देशीय पत्र’ हे याचे आणखी एक उदाहरण होय. हा शब्द पत्राच्या निळ्या कागदावरच छापलेला असे. त्यामुळे तो ‘आंतरदेशी’ असा सैल होऊन का होईना, खेड्यापाड्यांत बोलला गेला. ‘दूरध्वनी’ आणि नंतरचा ‘भ्रमणध्वनी’ यांना असे साहचर्य लाभले नाही. ते पत्रशीर्षावर, शासकीय परिपत्रकात आणि लग्नपत्रिकेत स्थिरावले. लग्नपत्रिकेत ‘भ्रमणध्वनी क्रमांक’ छापणारा यजमान बोलताना मात्र ‘मोबाइल नंबर’च सांगतो.

दूरध्वनी ते रेंज

मुंबईत टेलिफोन केंद्र इ.स. १८८२ मध्ये सुरू झाले, तरी ग्रामीण भागात फोन सर्वसामान्यांच्या हाती येण्यास शंभर वर्षे लागली. दरम्यान ‘ट्रंक कॉल’ हा शब्द आला. ‘ट्रंक’ म्हणजे लोखंडी पेटी एवढेच ठाऊक असलेल्या माणसाला तो विलक्षण वाटला असल्यास नवल नाही. इ.स. १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था स्थापन झाली, स्वदेशी ग्रामीण दूरध्वनी केंद्रे विकसित झाली आणि रस्त्याकडेला पिवळ्या पाट्यांची सार्वजनिक दूरध्वनी केंद्रे उभी राहिली. ‘एसटीडी’ हे मुळात थेट क्रमांक फिरवून परगावी फोन लावण्याच्या पद्धतीचे संक्षिप्त नाव. मराठीत त्याचा अर्थ ते दुकान असा झाला आणि लोक ‘एसटीडीवर जाऊन’ फोन करू लागले.

भारतात मोबाइल सेवेचा प्रारंभ दि. ३१ जुलै १९९५ रोजी झाला. त्यानंतर आलेल्या शब्दांना प्रतिशब्द शोधण्यास भाषेला अवसरच मिळाला नाही. परंतु हे शब्द जसेच्या तसे आले असे म्हणणे चुकीचे ठरेल. ‘रेंज’ म्हणजे इंग्रजीत पल्ला किंवा व्याप्ती. मराठीत ती स्त्रीलिंगी होऊन ‘येते’ आणि ‘जाते’, आणि तिचा अर्थ संकेताची उपलब्धता असा होतो. ‘बॅलन्स’ संपतो, ‘रिचार्ज’ मारला जातो. ‘मिस्ड कॉल’ इंग्रजीत घेणाऱ्याकडून चुकतो. मराठीत तो हेतुपूर्वक ‘दिला’ जातो आणि ‘पोहोचलो’ किंवा ‘तू फोन कर’ असा निरोप एकही पैसा न खर्चता पोहोचवितो. सर्वांत बोलके उदाहरण ‘पोस्ट’ या शब्दाचे आहे. पत्रांची कचेरी असलेले पोष्ट नपुंसकलिंगी होते. समाजमाध्यमावरील पोस्ट स्त्रीलिंगी झाली, ‘ती पोस्ट टाकली’. दीडशे वर्षांच्या अंतराने एकच इंग्रजी शब्द मराठीत दोनदा आला आणि दोन्ही वेळा मराठीनेच त्याचे लिंग ठरविले.

अध्यापनाच्या दृष्टीने महत्त्व

या इतिहासावरून असे दिसते की, वेळापूरसारख्या गावातून महाविद्यालयात येणारा विद्यार्थी संदेशवहनविषयक कितीतरी इंग्रजी शब्द घरूनच घेऊन येतो. त्याची अडचण शब्दांच्या अभावाची नाही. त्याच्या शब्दांचे मराठीतील अर्थ आणि इंग्रजीतील अर्थ यांत अंतर पडलेले असते, ही त्याची खरी अडचण होय. तो ‘रेंज नाही’ याचे शब्दशः इंग्रजी करतो आणि चूक म्हणून त्याचे गुण कापले जातात. शिक्षकाने त्याच शब्दापासून प्रारंभ केल्यास सिग्नल, नेटवर्क, कव्हरेज हे शब्द एका अनुभवाभोवती सहज गुंफता येतात. क्लॉड शॅनन यांच्या इ.स. १९४८ च्या संज्ञापन सिद्धांतातील प्रेषक, माध्यम, ग्राहक आणि व्यत्यय या संकल्पनाही मिस्ड कॉलच्या उदाहरणाने स्पष्ट करता येतात. ज्या शब्दावर हसले जाते तो शब्द विद्यार्थी पुन्हा वर्गात उच्चारत नाही, आणि पुढे बोलणेही टाळतो. शब्दसंग्रहाच्या अध्यापनात होणारी ही हानी परीक्षेच्या गुणपत्रिकेत नोंदली जात नाही.

निष्कर्ष

१. संदेशवहनाच्या क्षेत्रात मराठीने प्रत्येक कालखंडात परभाषीय शब्द घेतले आहेत. इंग्रजी शब्दांचा स्वीकार ही त्याच परंपरेची पुढील अवस्था होय.

२. घडविलेला प्रतिशब्द शुद्धतेमुळे रुजत नाही. आकाशवाणी, दूरदर्शन व अंतर्देशीय पत्र यांप्रमाणे तो साधनाबरोबरच दररोज डोळ्यांसमोर किंवा कानांवर आला तर रुजतो.

३. लोकांनी स्वतः दिलेले ‘तार’सारखे नाव सर्वांत सुलभ ठरते, परंतु साधन गेले की तेही मावळते.

४. स्वीकृत इंग्रजी शब्दांना मराठीने आपले लिंग, आपली क्रियापदे व आपले अर्थ दिले आहेत. हे शब्द अपभ्रष्ट इंग्रजी न मानता मराठी शब्द म्हणून अभ्यासले जावेत.

५. ग्रामीण विद्यार्थ्याच्या मुखातील हे शब्द इंग्रजी शब्दसंग्रहाच्या अध्यापनाचा आरंभबिंदू मानावेत. पाटी कोरी समजून शिकविण्यापेक्षा पाटीवर अगोदर काय लिहिले आहे, हे वाचून शिकविणे अधिक फलदायी ठरेल.