मेंदूची इजा, बालपणीची : जनुके आणि पालकत्व

मेंदूला मार लागलेले मूल कितपत सावरेल, हे केवळ इजेच्या तीव्रतेवर ठरत नाही. लहान मेंदू आपोआप भरून निघतो, हा समज दीर्घकाळ टिकला. संशोधक मार्गारेट केनार्ड यांच्या 1930 च्या दशकातील माकडांवरील प्रयोगांनी त्याला बळ दिले. मात्र धक्का मेंदूभर पसरलेला असेल, तर कोवळे वय उलट धोक्याचे ठरते. नियोजन, संयम ही कौशल्ये तेव्हा घडायचीच असतात. त्यांतील उणीव कित्येकदा वरच्या इयत्तांत उघड होते.

मूल कितपत सावरेल, या प्रश्नावर अमेरिकेतील ओहायोत शॅरी वेड, ब्रॅड कुरोव्स्की आदी संशोधकांचे काम मोलाचे आहे. 3 ते 7 वर्षे वयात मेंदूला इजा झालेल्या मुलांची तुलना त्यांनी हाड मोडलेल्या मुलांशी केली आणि अनेक वर्षे पाठपुरावा केला. या मुलांची काही जनुकेही अभ्यासली गेली. त्यांपैकी सीओएमटी हे जनुक डोपामीन या मेंदूतील संदेशवाहक रसायनाचे विघटन करणारे विकर घडवते. विकरात 158 व्या स्थानी व्हॅलिन असल्यास ते जलद, मेथिओनिन असल्यास मंद काम करते. जनुकाचा परिणाम पालकांच्या वागण्यानुसार बदलू शकतो, असे या संशोधनातून सूचित होते. मुलांची संख्या कमी असल्याने जनुकचाचणीवरून भाकीत करणे मात्र गैर आहे.

जनुके बदलता येत नाहीत; पालकत्व शिकता येते. वेड यांनी कुटुंबांसाठी इंटरनेटवरून देता येणारी समस्यानिवारण उपचारपद्धती विकसित केली. डोक्याला मार लागल्यानंतर मूल चिडचिडे किंवा विसराळू झाले, तर त्याला हट्टी ठरवून शिक्षा करू नये. डॉक्टरांना दाखवावे आणि शाळेलाही कळवावे.