भजनी मंडळ आणि पेटी

वाद्यवृंद म्हटला म्हणजे शहरवासी माणसाच्या डोळ्यांपुढें नाटकगृह, तिकिटें आणि पगारी वादक उभे राहतात. १९८१ सालीं रत्नागिरींतून वेगळ्या झालेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यांत, मालवणच्या किनाऱ्यावरील वाड्यावाड्यांतून, यांपैकीं कांहींच नसतां एक वाद्यवृंद नांदत आला आहे. भजनी मंडळ तें हेंच. पेटीवर बुवा, शेजारीं पखवाजी, भोंवतीं टाळ-झांजा, आणि मागें गळा देणारी वाडींतील मंडळी. दिवसा होडीवर किंवा शेतांत राबणारे हात रात्रीं टाळ धरतात. बिदागी कसली? गणेशचतुर्थीच्या दिवसांत घरोघर भजन झालें, कीं चहा आणि उसळ-पाव हाच काय तो मोबदला. आणि ज्या घरीं मंडळ गेलें नाहीं, त्या घरास तें वर्षभर सलतें.

हरिनाम सप्ताहांत तर सात दिवस नि सात रात्री नाम खंडूं द्यावयाचें नसतें. प्रत्येक वाडीची पाळी ठरलेली. मध्यरात्रीनंतरच्या पाळीस कोण आला आणि कोण निजून राहिला, हें साऱ्या गांवास कळतें. तेथें सबब चालत नाहीं.

या मंडळाचें कर्तें वाद्य, पेटी, तें मात्र मूळचें इकडील नव्हे. पॅरिस येथें दबँ यानें १८४२ सालीं हार्मोनियमचें पेटंट घेतलें. पुढें १८७५ च्या सुमारास कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनीं तें जमिनीवर बसून, एका हातानें भाता चालवून वाजवितां येईल असें केलें. संगीतज्ञांस तें मानवलें नाहीं. स्वर ठरलेले, मींड नाहीं, श्रुतींचा सूक्ष्म भेद नाहीं. रवींद्रनाथांसही पेटी रुचत नसे. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओनें तिला आपल्या कार्यक्रमांतून हद्दपार केलें, आणि तें बंधन १९७१ पर्यंत सैल झालें नाहीं.

आक्षेप खोटा नव्हता. पण तो मैफलीपुरता होता. पावसाळ्याच्या दमट हवेंत तंबोरा घटकेघटकेस उतरतो, आणि तो पुन्हां लावावयास तयार कान लागतो. पेटीचा सूर पितळी पट्टींत कायमचा बसविलेला. वीस न शिकलेले गळे त्या एका सुरास टेकून निर्धास्त उभे राहतात. कलावंताच्या दृष्टीनें जो दोष, तोच येथें आधार ठरला.

मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या कोंकणी माणसानें हें मंडळ चाळींतही नेलें. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपानें गिरणगांवचे संसार विस्कटले, आणि त्यांबरोबर तेथील बैठकीही विरळ झाल्या.

गांवीं संकट आलें तें निराळ्या, हसऱ्या तोंडानें. डबलबारींत दोन बुवा समोरासमोर बसून आळीपाळीनें गातात, गजरांतून एकमेकांस कोडीं घालतात. मानधन, जाहिरात, ध्वनिवर्धक, सारें आलें. गाण्याची तयारी वाढली, यांत शंका नाहीं; पण जी वाडी मागें बसून गळा देत असे, ती समोर बसून टाळ्या देऊं लागली.

चतुर्थीला मात्र डबलबारीचे बुवा घरोघर पुरणार कोठून? एका घरची आरती आटोपते, कोणी तरी पोरगा पेटी डोकीवर घेतो, आणि चिखलाच्या बांधावरून मंडळी पुढच्या घराकडे निघतात.